'ई. आर. पॉझिटिव्ह' म्हणजे काय?

चार-पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपत आले होते. जवळच्या वस्तीवरचा एक मुलगा आत आला, दार लोटून घेतले आणि पिशवीतून एक रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. आईच्या स्तनातली गाठ पुण्याला काढली होती, तिचा तो रिपोर्ट. आई बाहेर बाकावर बसलेली. मुलाने एका ओळीवर बोट ठेवले आणि हळू आवाजात विचारले, "डॉक्टर, इथं पॉझिटिव्ह लिहिलंय. म्हणजे आईला ते दुसरं पण झालंय का?"

'ते दुसरं' म्हणजे एड्स. घरात कोणीतरी ती ओळ वाचली आणि त्या माउलीचे ताट-तांब्या वेगळे केले होते. (एड्स असता तरी ताट वेगळे करण्याचे काही कारण नव्हते, पण तो विषय पुन्हा कधीतरी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलला आहे.)

ओळ अशी होती : 'ई. आर. पॉझिटिव्ह, पी. आर. पॉझिटिव्ह.' त्या सगळ्या कागदावर दिलासा देणारी तीच एक ओळ होती. का, ते समजायला पेशीच्या आत डोकवावे लागेल.

पेशीच्या आत केंद्रक असते आणि त्यात डी. एन. ए.चा धागा. एका पेशीतला धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल, आणि केंद्रकाची रुंदी जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तरी गुंता होत नाही, कारण हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर रिळासारखा गुंडाळलेला असतो. प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. ती पचल्यावर त्यांच्या सुट्या भागांतून पेशी स्वतःची हजारो तऱ्हेची प्रथिने घडवते, त्यांतली कित्येक केंद्रकात काम करतात. काही तुटलेला धागा सांधतात. पी-५३ नावाचे प्रथिन नुकसान फार झाले तर पेशीची वाढ रोखते, नाहीतर पेशीलाच संपवते. अनेक कर्करोगांत नेमके हेच बिघडलेले सापडते. काही प्रथिने मात्र धाग्यावरचे कोणते काम केव्हा सुरू करायचे ते ठरवतात. आपली ओळ त्यांच्याबद्दल आहे.

नीरा डाव्या कालव्यावरच्या वाचकांना हे चटकन कळेल. कालव्यात पाणी असले म्हणून ते आपोआप शेतात येत नाही. पाटकऱ्याकडे चिठ्ठी गेली की तो चारीचे दार उघडतो. ई. आर. म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, हा स्तनाच्या काही पेशींच्या केंद्रकात बसलेला पाटकरी. इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातले संप्रेरक ही त्याची चिठ्ठी. ती रक्तातून येते, पेशीत शिरते आणि थेट केंद्रकात याच्या हाती पडते. मग हा डी. एन. ए.वर ठरलेल्या जागी बसतो आणि वाढीच्या कामाचे दार उघडतो. मुलगी वयात येते तेव्हा छातीची वाढ होते ती यामुळेच. पी. आर. हा प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा पाटकरी. तो बहुधा ई. आर.च्या हुकमाने तयार होतो. म्हणून तो सापडला की ई. आर. नुसता हजर नाही, कामावरही आहे असे समजतात.

कर्करोगाच्या गाठीत हा पाटकरी शाबूत असेल, तर गाठ इस्ट्रोजेनच्या चिठ्ठीवर वाढत असते. चिठ्ठी अडवली की गाठीचे पाणी तुटते! टॅमॉक्सिफेन ही गोळी तेच करते. १९६२ साली इंग्लंडमध्ये ती संततिनियमनासाठी तयार केली होती. त्या कामी ती फसली आणि पुढे लाखो स्त्रियांच्या उपयोगी पडली. कोरी चिठ्ठी होऊन ती पाटकऱ्याच्या हातात बसते, खरी चिठ्ठी घ्यायला हात मोकळा राहत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांना बहुधा लेट्रोझोलसारखी गोळी देतात, ती चिठ्ठी लिहिणेच बंद पाडते. ई. आर. पॉझिटिव्ह स्त्रियांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले तर रोग उलटण्याचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी आणि या रोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. ई. आर. निगेटिव्ह असेल तर या गोळ्यांचा उपयोग नाही, तिथे इतर उपचारांवर भिस्त.

त्याच कागदावर 'हर-टू' अशीही ओळ असते. ते प्रथिन केंद्रकात नसून पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असते. तिथल्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ गाठ जास्त जोमाने वाढणारी, असा होतो. मात्र त्यावरही वेगळे औषध निघाले आहे. तेव्हा 'पॉझिटिव्ह' हा शब्द एकटा वाचू नये.

आता मला टोचणारी गोष्ट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका बाईंची गाठ काढली गेली, कुठे ते सांगत नाही. नातेवाइकांनी ती सलाईन भरलेल्या बाटलीत घालून, मे महिन्याच्या उन्हात, एस. टी.ने शहरात नेली. पोचली दुसऱ्या दिवशी. जाताना ती बाटली त्यांनी मला दाखवली होती आणि मी काही बोललो नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, गोळी मिळाली नाही. बाई अडीच वर्षांनी गेल्या. निगेटिव्ह खरेच होते की प्रथिन बाटलीतच नासले होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

कारण ही तपासणी त्या प्रथिनाला रंग चढवून करतात. गाठीचा पातळ काप काचेवर घेतात, ई. आर. असेल तिथे केंद्रके तपकिरी दिसतात. शंभरात एक केंद्रक रंगले तरी पॉझिटिव्ह धरतात. पण जे टिकलेच नाही ते रंगणार कसे? म्हणून गाठ काढल्यावर तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे, फॉर्मॅलिन गाठीच्या दसपट हवे, आणि मोठी गाठ आधी कापून घ्यायला हवी. ऑपरेशनआधी "गाठ कशात ठेवणार?" असे जरूर विचारा, त्याने कोणाचा अपमान होत नाही. निकालाची शंका आली तर मेणात बसवलेला गाठीचा 'ब्लॉक' मागून घ्या. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी तो पुन्हा तपासता येतो. १९४१ साली हे रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली.

गोळी चालू झाली की दुसरी अडचण. सहा महिन्यांत बाईला बरे वाटते, अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, आणि गोळी परस्पर बंद होते. तसे करू नका. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेलेल्या स्त्रीला अंगावरून रक्त गेले, एका पायाला सूज व ठणका आला किंवा एकाएकी दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. या काळात गर्भ राहता कामा नये. उदासीनतेवरची काही औषधे या गोळीचा गुण कमी करतात, म्हणून दुसऱ्या कोणाकडे गेलात तरी ती चालू असल्याचे सांगा.

त्या संध्याकाळी मावशींना आत बोलावले आणि मुलासमोर हे सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ताटाबद्दल एक शब्द काढला नाही. उठताना एवढेच विचारले, "डॉक्टर, एकादशीला गोळी चालंल का?"

चालेल म्हटले, पाण्याबरोबर घ्या.