उरल्यासुरल्याला हवा तिथी-वार!

फ्रिजचं दार उघडावं, तर समोर स्टीलच्या डब्यांची उतरंड. कुठल्या डब्यात काय आहे आणि कधीचं आहे, हे फक्त गृहिणीला ठाऊक! ती चार दिवस गावाला गेली की घरातली मंडळी दोन डबे उघडून बघतात आणि सरळ खिचडी टाकतात. मागे सरकलेली वाटीभर उसळ मग आठवड्याने सापडते. ती टाकवत नाही, म्हणून पुष्कळ घरांत बाईच गुपचूप संपवते. अन्न वाया घालवू नये हे खरंच. पण त्याचा भार एकीच्याच पोटावर का?

पूर्वी जाळीच्या कपाटातलं किंवा शिंकाळ्यावरचं अन्न आंबलं की वासावरून लगेच कळायचं. फ्रिजमध्ये तसं होत नाही. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. शिवाय आजारी पाडणाऱ्या जंतूंमुळे अन्नाला वास येतोच असं नाही. म्हणून नाकावर भिस्त न ठेवता डब्यावर चिठ्ठी लावा.

कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि बॉलपेन, एवढंच सामान. पट्टी डबा कोरडा असतानाच चिकटवा, आणि झाकणावर नको, डब्यावर. झाकणांची अदलाबदल होते! तीन गोष्टी लिहा: काय, कधीचं, किती जणांपुरतं. ‘मटकीची उसळ, सोमवार रात्र, दोघांना’ एवढं पुरे. बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या डब्यावर मात्र वार नको, तारीख आणि महिना हवा.

फ्रिजचा नजरेसमोरचा एक कप्पा ‘आधी संपवायचं’ म्हणून राखून ठेवा. जुना डबा पुढे, नवा मागे. कच्चं मटण, मासे असतील तर ते झाकून सर्वांत खाली, म्हणजे त्यांचं पाणी शिजवलेल्या अन्नावर ठिबकणार नाही.

आता कालमर्यादा. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच. पातेलंभर आमटी लवकर निवत नाही. ती पसरट, उथळ भांड्यांत काढावी. फ्रिजचं तापमान ५ अंश सेल्सियसच्या आत असेल, तर आमटी, भाजी, उसळ तीन दिवस राहते. खाताना पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करावी, आणि लागेल तेवढीच.

भाताचं मात्र वेगळं आहे, बरं का. तांदळातले काही जंतू बीजरूपाने शिजवल्यावरही टिकून राहतात. भात ओट्यावर तसाच राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष उष्णतेने जात नाही. म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी उपयोग नाही! फोडणीचा भात करायचाच असेल, तर भात रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

खोलगोठण म्हणजे फ्रीजर उणे १८ अंशांचा असेल, तर भाज्यांचा रस्सा, शिजवलेले छोले दोन-तीन महिने चांगले राहतात. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा मात्र तेवढा गार नसतो. त्यात महिनोन्‌महिने साठवण नको. डबा काठोकाठ भरू नका, कारण गोठताना पाणी फुगतं. गोठलेलं अन्न ओट्यावर नव्हे, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या भागात ठेवून सैल होऊ द्यावं. वीज गेली तर दार बंदच ठेवा. न उघडता फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो.

चिठ्ठीचा खरा फायदा असा, की शाळेतून आलेली मुलं, कामावरून आलेले ‘हे’, सासूबाई, सगळ्यांनाच ती वाचता येते. कालची भाजी मग सगळ्यांच्या पानात थोडी थोडी वाढली जाते. पेन मात्र दोऱ्याने फ्रिजलाच बांधून ठेवा. जो डबा आत ठेवेल त्यानेच चिठ्ठी लिहायची, असा घरात नियम करून टाका. आणि चिठ्ठीवरचा दिवस उलटून गेला असेल, तर ‘थोडंसंच तर आहे’ म्हणून स्वतःच्या ताटात घेऊ नका. ते टाकण्यात काही पाप नाही.