खुबा बदलल्यावर घरात नि शेतात

खुबा दुखला की वय झालं, असं आपण म्हणतो. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून ऐन तिशीतही सांधा निकामी होतो. तरण्या माणसाचा खुबा दुखत राहिला तर आधी रक्त तपासून घ्यावं, असं आम्ही आवर्जून सांगतो.

ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. खरी अडचण घरी येते. आपलं जेवण, चूल, संडास सगळं जमिनीलगत! पहिले सहा ते बारा आठवडे उकिडवं बसलं किंवा मांडी घातली तर नवा गोळा निखळू शकतो. म्हणून उंच खुर्ची नि संडासची खुर्ची आधीच आणून ठेवावी. झोळ पडलेली बाज नको, लाकडी पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या तरी भागतं. काठी चांगल्या पायाकडच्या हातात धरायची, पुष्कळजण नेमकं उलट करतात. पोटरी सुजली तर चोळू नये, तडक दवाखाना गाठावा.

दारं धरणं, मोळी उचलणं डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय नाही. जमत असेल तर ऑपरेशन गाळप संपल्यावर करावं, तेव्हा घरात हाताशी माणूस असतो.