रानात जाताना वेष कोणता करावा?

शिकाऱ्याच्या वेषाचा विषय व्याख्यानमालेत कशाला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला पायबंद बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो अधिक आवळला गेला. हौसेची शिकार आज गुन्हा आहे, आणि तसेच असावे. परंतु शिकारी रानातून गेला म्हणून त्याची सारी विद्या टाकाऊ ठरत नाही. सावजाला न कळता त्याच्या जवळ जाणे ही त्या विद्येची पहिली पायरी. आणि ज्याला प्राणी मारावयाचा नसून पाहावयाचा आहे, त्यालाही तीच पायरी चढावी लागते. मुंबईच्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका कशाचा, हे विचारावयास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि त्या एका प्रश्नातून भारताला थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला.

आपल्या उपनगरांना तर हा विषय दाराशीच आहे. पश्चिमेस बोरिवली-गोरेगाव आणि पूर्वेस मुलुंड-भांडुप यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. विहार व तुळशी ही दोन तळी, कान्हेरीची लेणी, चितळ, सांबर, बिबट्या आणि शेकडो जातींचे पक्षी त्यात आहेत. रविवारी सकाळी शिलोंड्याच्या वाटेने निघणाऱ्या नवशिक्यांकडे पाहावे, तर निम्मे लोक अंगभर हिरव्या-तपकिरी डागांचे, ज्याला बाजारात मिलिटरी प्रिंट म्हणतात, तसले कपडे घालून आलेले असतात. हा पोशाख खरोखर उपयोगी आहे काय, याचा विचार आज करू.

प्रथम निसर्गाची शाळा पाहू. रातवा नावाचा पक्षी दिवसा पाचोळ्यात बसून राहतो. त्याच्या पिसांवर वाळक्या पानांचे सारे रंग उतरलेले असतात. पण केवळ रंगामुळे तो वाचत नाही. आपला पाय अगदी जवळ पडेपर्यंत तो हलत नाही, म्हणून वाचतो. हरणटोळ हा हिरवा साप फांदीवर असाच निश्चल असतो, आणि हललाच तर वाऱ्याने डहाळी डुलावी तसा डुलतो. माणसांतही हे शहाणपण होते. पारध्यांतील गायके पारधी शिकविलेल्या बैलाच्या आडून सावजाजवळ जात. चरणाऱ्या गुराचे हरणाला भय नसते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्याजवळ खास कपडा नव्हता. पाहणाऱ्याच्या मनात शंका येऊ न देणे, एवढेच त्यांना साधले होते.

माणसाच्या वेषाचा इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. खाकी हा शब्द फारसी 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला. १८४० नंतरच्या दशकात वायव्य सरहद्दीवरील एका पलटणीने मातकट रंगाचे कपडे घेतले, आणि तेथून हा रंग जगभर गेला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच सैन्याने चित्रकारांची एक तुकडीच उभारून तोफा व ठाणी रंगविण्याचे काम तिच्याकडे दिले. डागांचे कपडे ही त्याच विद्येची पुढची पायरी. परंतु लक्षात घ्यावे, ही सारी योजना माणसाचा डोळा फसविण्यासाठी होती. चितळाचा डोळा माणसाचा नव्हे.

मुख्य मुद्दा येथेच आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हरणवर्गातील प्राण्यांच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या. त्यामुळे तांबडा, नारिंगी आणि हिरवा यांतील भेद त्यांना फारसा कळत नाही. नारिंगी पट्ट्यांचा वाघ आपल्याला झळाळताना दिसतो, पण चितळाला तो गवतातच मिसळलेला दिसतो. उलट निळा रंग त्यांना स्पष्ट दिसतो, आणि आपल्याला न दिसणाऱ्या जंबुपार किरणांचाही काही भाग त्यांच्या डोळ्यात पोहोचतो. म्हणजे महागडा डागांचा सदरा आणि खाली निळी जीन्स अशा थाटात जो जातो, त्याने वरच्या अंगाला लपवून खालच्या अंगाने दवंडी पिटली असे होते! पक्ष्यांची गोष्ट याहून निराळी. त्यांच्या डोळ्यात रंगपेशी चार प्रकारच्या असतात. रंगाच्या बाबतीत त्यांना फसविणे कठीणच.

याला जोडूनच धुलाईचा प्रश्न येतो. पांढऱ्या कपड्यांना चकाकी यावी म्हणून एके काळी घरोघरी टिनोपाल वापरीत. आज तसली द्रव्ये धुण्याच्या पावडरीतच मिसळलेली असतात. ती जंबुपार किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. आपल्याला कपडा स्वच्छ दिसतो, हरणाला तो उजळून निघालेला दिसतो. तेव्हा रानात न्यावयाचे कपडे रिठ्याने किंवा साध्या साबणाने धुवावेत. त्यांना अत्तराचा, उदबत्तीचा किंवा ट्रंकेतील डांबरगोळ्यांचा वास राहू देऊ नये. वाऱ्याकडे पाठ करून निघालेल्या माणसाची वर्दी त्याच्या आधीच पोहोचते. म्हणून वारा तोंडावर घेऊन चालावे.

आता निवडीचे नियम सांगतो. आमच्या रानाला दोन रंग आहेत. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत साग, ऐन यांची पाने गळून सारे मातकट होते. तेव्हा खाकी, मातकट किंवा वाळक्या गवताचा रंग घ्यावा. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ फिका, मळकट हिरवा चांगला. फार गडद हिरवा घेऊ नये, लांबून तो काळ्या ठोकळ्यासारखा दिसतो. डागांचेच कापड घ्यावयाचे असेल तर डाग मोठे आणि फिके-गडद असे स्पष्ट वेगळे असावेत. बारीक डाग वीस-पंचवीस पावलांवरून एकमेकांत मिसळतात आणि कापड एकरंगीच दिसते. सदरा फिका आणि विजार गडद घेतली, तर मनुष्याकृती मधोमध तुटते, आणि त्यासाठी एक पैसाही जास्त पडत नाही. कापड मऊ सुती असावे. नायलॉनची सळसळ शांत रानात दूरवर ऐकू येते. बाह्या पूर्ण असाव्यात, त्याने हात झाकतात आणि डास-गोचिडांपासूनही बचाव होतो. चेहऱ्यावर सावली पाडणारी टोपी घ्यावी. घड्याळाची काच आणि पिशवीचे चकचकीत बक्कल यांकडेही पाहावे. हे सर्व जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात बहुधा सापडते.

सैन्याच्या गणवेषाची नक्कल मात्र घेऊ नये. १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनी, भारतीय सेनेने नवा लढाऊ गणवेष जनतेपुढे आणला आणि त्याच्या नक्षीचे हक्कही नोंदविले. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने तो वेष घालणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. शिवाय उद्यानात चोरून फास लावणारेही फिरतात. अवेळी, वाट सोडून, झुडपात दडलेला माणूस वनरक्षकाला दिसला, तर त्याने काय समजावे?

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. लपणे ही विद्या आहे तसेच कोठे लपू नये, हीही विद्याच आहे. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तेथे अनेक ठिकाणी शिकाऱ्याला झगझगीत नारिंगी अंगरखा घालावा लागतो. हरणाला तो रंग उठून दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो आणि माणसाचा जीव वाचतो. आमच्याकडे बंदूक नाही, पण बिबट्या आहे. २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत त्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. २०२१ मध्ये आरे वसाहतीत पुन्हा हल्ले झाले. बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो. अंधुक उजेडात वाकलेली, बसलेली आकृती त्याला लहान सावजासारखी वाटू शकते. म्हणून पहाटे वा सांजवेळी रानाच्या कडेने जाताना मातकट वेषात दबकत चालणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. तेव्हा विजेरी लावावी, सोबत घ्यावी, मोठ्याने बोलत चालावे आणि मुलांना मध्ये ठेवावे. दडण्याची हौस दिवसाउजेडी, परवानगीच्या वाटेवर, वाटाड्याबरोबर भागवावी.

सारांश, वेष निवडताना दुकानातील आरशाला विचारू नये. मला कोण पाहणार आहे, हे स्वतःला विचारावे. चितळ पाहणार असेल तर निळे आणि चकाकणारे टाळावे. पक्षी पाहणार असेल तर रंगाची फार चिंता न करता स्थिर बसावे. बिबट्या पाहण्याचा संभव असेल, तर त्याला आपण माणूस म्हणूनच दिसले पाहिजे. अर्धा तास एका झाडाशी न हलता बसू शकणारा मनुष्य साध्या खाकी सदऱ्यातही रानाचा होऊन जातो; ज्याला ते जमत नाही, त्याला कोणताही कपडा लपवू शकणार नाही.