काळा घोडा : एका स्थलनामाची साक्ष

जुन्या पोथीची परीक्षा करतांना तिच्या अखेरची पुष्पिका आपण प्रथम पाहतों. ग्रंथकर्ता कोण, लिहविणारा कोण, शक कोणता, हें तींत सांपडतें. परंतु समासांत वाचकांनीं केलेल्या खुणा कित्येकदां पुष्पिकेहून अधिक बोलक्या असतात. ग्रंथ कोणी लिहविला हें पुष्पिका सांगते. तो लोकांनीं कसा वाचला हें समास सांगतो. नगराच्या चव्हाट्यावर उभ्या केलेल्या शिल्पांसही हाच न्याय लागू पडतो. चौथऱ्यावरील लेख ही त्यांची पुष्पिका, व लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव हा त्यांचा समास. या दृष्टीनें मुंबईंतील ‘काळा घोडा’ या स्थलनामाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. इ. स. १८७५ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढें सातवे एडवर्ड या नांवानें गादीवर आलेले गृहस्थ, मुंबईस उतरले. त्या भेटीचें स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून यांनीं युवराजांचा अश्वारूढ पुतळा करवून नगरास अर्पण केला. ससून हें बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेलें यहुदी व्यापारी घराणें असून जवळच्याच डेव्हिड ससून वाचनालयास त्या घराण्याच्या मूळ पुरुषाचें नांव आहे. पुतळा जोझेफ एडगर बोएम या शिल्पकारानें कांस्यांत घडविला व इ. स. १८७९ मध्यें त्याचें अनावरण झालें.

दात्याच्या मनांत प्रधान होता तो स्वार; घोडा हें केवळ वाहन. लोकांनीं मात्र वाहनास प्रधान केलें. कांस्याचा काळसर वर्ण आणि घोड्याची भव्य आकृति या दोन दृश्य गोष्टींवरून त्यांनीं जागेस नांव दिलें, आणि स्वार त्या नांवांत कोठेंच राहिला नाहीं. यावरून राजनिष्ठेचा किंवा राजद्रोहाचा अर्थ काढूं जाणें हें अतिव्याप्तीचें होईल. वाटसरूस, गाडीवाल्यास, हमालास खूण पाहिजे होती. ती त्यांनीं डोळ्यांस दिसलें त्यावरून घेतली. तथापि इतकें निश्चित कीं, सार्वजनिक शिल्पाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार दात्यापाशीं राहत नाहीं. शास्त्रकार योगाहून रूढि बलवत्तर मानतात, त्याचें हें उघड्यावर उभें असलेलें उदाहरण होय.

पुढें इ. स. १९६५ मध्यें हा पुतळा तेथून हालवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत नेण्यांत आला. आतां खूण गेल्यावर नांवही जावें असा तर्क कोणी करील. तसें झालें नाहीं. आम्ही शिक्षक असतांना विद्यार्थ्यांस घेऊन जवळच्या वस्तुसंग्रहालयांत अनेकदां गेलों आहों. दर खेपेस एखादा मुलगा विचारी, “गुरुजी, घोडा कोठें आहे?” आम्ही भायखळ्याचें नांव सांगितलें म्हणजे मुलें हंसत, घोडा एका ठिकाणीं व नांव दुसऱ्या ठिकाणीं, ही गोष्ट त्यांस चमत्कारिक वाटे. आमच्या ऐतिहासिक पाठांतील इतर कांहीं त्यांच्या ध्यानांत राहिलें असेल वा नसेल, हें मात्र राहिलें.

या रिकाम्या जागेच्या नांवानेंच पुढें नवा लोकव्यवहार उभा राहिला, हें विशेष होय. जहांगीर कलादालन इ. स. १९५२ पासून तेथें होतेंच. इ. स. १९९९ पासून त्या परिसरांत प्रतिवर्षीं कलामहोत्सव भरूं लागला. रस्त्यांवर शिल्पें मांडलीं जातात, नृत्यगायन होतें, आणि प्रवेशास मूल्य नसल्यानें दालनाची पायरी कधीं न चढलेले लोकही मुलाबाळांसह येतात. इ. स. २०१७ मध्यें तेथें एक नवा घोडा उभा करण्यांत आला. त्याच्या पाठीवर स्वार नाहीं. ही जुन्या पुतळ्याची प्रतिकृति नव्हे. लोकांनीं दिलेल्या नांवाची ती मूर्ति आहे. मूळ पत्र गहाळ झालें असतां समासांतील टिपेवरून लेखकानें नवें पत्र लिहून पोथींत घालावें, तसा हा प्रकार आहे.

असेंच एक पूर्वींचें उदाहरण येथें नोंदविणें युक्त होईल. घारापुरीच्या बेटावर दगडी हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीजांनीं बेटास ‘एलिफंटा’ म्हटलें. इ. स. १८६४ मध्यें तो हत्ती तेथून हालविला गेला व इ. स. १९१४ मध्यें त्याचे भग्न तुकडे जोडून तो पुन्हां उभा करण्यांत आला, तो भायखळ्याच्या याच उद्यानांत. म्हणजे दोन स्थळांस नांवें देणारे दोन प्राणी आज एकाच ठिकाणीं विसांवले आहेत, आणि त्यांचीं नांवें मागें मूळ जागीं राहिलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर त्या उद्यानाचें नांव बदललें तरी ‘राणीचा बाग’ हें जुनें नांव लोकांच्या मुखांतून गेलेलें नाहीं.

आतां आमच्या चिंतेचा विषय. स्वाररहित घोडा पाहून वाढणारी पिढी, नांव या घोड्यावरून पडलें असें समजेल. वस्तुतः क्रम उलटा आहे: पुतळ्यापासून नांव, आणि नांवापासून घोडा. नव्या शिल्पाविषयीं आमची तक्रार नाहीं. लोकांच्या शब्दास शिल्पाचा मान मिळाला हें आम्हांस गोडच वाटतें. परंतु प्रक्षिप्त पत्र कितीही सुंदर अक्षरांत असलें तरी त्यावर तसा शेरा पाहिजे, नाहींतर पुढचा संशोधक फसतो.

तो शेरा लिहिण्याचें काम संग्राहकांनींच करण्यासारखें आहे. ज्यांच्या दप्तरांत मुंबईकडील जुनीं खाजगी पत्रें, दुकानांच्या खतावण्या, चित्रकार्डें किंवा नकाशे असतील, त्यांनीं ‘काळा घोडा’ हे शब्द कोठें व कोणत्या सालीं येतात तें पाहून मूळ कागदाच्या वर्णनासह प्रसिद्ध करावें. पुतळ्याचें साल सर्वांस ठाऊक आहे. नांवाचें साल मात्र कोणा अप्रसिद्ध कारकुनाच्या पत्रांतच सांपडावयाचें, आणि तें पत्र कदाचित् वाचकांपैकीं एखाद्याच्या कपाटांत असेल.