करार चौदा कोटींचा, पगार सव्वा कोटीचाही नाही!

अमेरिकन फुटबॉलमधल्या एखाद्या खेळाडूचा नवा करार झाला की बातमीत भलामोठा आकडा झळकतो. त्यावर लगेच भाळू नका. एनएफएल या तिथल्या लीगच्या ३२ संघांना वर्षाच्या पगाराची एकच कमाल मर्यादा असते, ती म्हणजे सॅलरी कॅप. त्या मर्यादेत बसण्यासाठी संघांचे हिशेबनीस जी डोकॅलिटी लढवतात, ती मैदानावरच्या खेळाइतकीच बघण्यासारखी असते. पैसा किती, यापेक्षा तो कुठल्या वर्षाच्या खात्यावर टाकायचा, यातच सगळी मेख आहे.

तीस वर्षांत आठपट

१९९४ साली कॅप लागू झाली तेव्हा प्रत्येक संघाला ३.४६ कोटी डॉलरची मर्यादा होती (पुढच्या सगळ्या रकमाही डॉलरमध्येच). २०२५ मध्ये ती २७.९२ कोटींवर गेली. लीगच्या महसुलात खेळाडूंचा वाटा ठरलेला असतो, त्यामुळे टीव्हीवाल्यांनी जास्त पैसे मोजले की कॅपही चढते. उलटंही होतं. करोनाच्या हंगामात प्रेक्षकांची तिकिटं बुडाली आणि २०२१ मध्ये कॅप १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटींवर घसरली.

पर्स संपली तरी खरेदी चालूच

आयपीएलच्या लिलावात पर्स रिकामी झाली की संघाला गप्प बसावं लागतं. एनएफएलमध्ये तसं नाही. इथे ‘सायनिंग बोनस’ नावाची पळवाट आहे, तीही नियमात बसणारी. समजा पाच वर्षांचा करार आहे आणि बोनस ५ कोटींचा. खेळाडूला ही रक्कम सुरुवातीलाच मिळते, पण कॅपच्या वहीत दरवर्षी फक्त १ कोटी चढतो. पैसे आज दिले, हिशेब मात्र पाच वर्षांवर पसरला.

हे सुख फुकट नसतं. दोन वर्षांनी त्या खेळाडूला नारळ दिला, तर उरलेले ३ कोटी वहीतून पुसले जात नाहीत. खेळाडू गेला तरी त्याचा आकडा कॅपमध्ये ठाण मांडून बसतो. यालाच म्हणतात ‘डेड मनी’. १ जूननंतर काढलं तर हा बोजा दोन हंगामांत विभागता येतो. म्हणून काही खेळाडूंना मार्चमध्येच मोकळं करतात, पण कागदावर त्यांची सुटका जूनची दाखवतात. नियमात तशी सोय आहे!

नाव सोनूबाई

मार्च २०२१. वर्षाच्या सुरुवातीला कॅपच्या सुमारे १० कोटी वर असलेला न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघ खर्च आटोक्यात आणत होता. तेवढ्यात बातमी आली, की टेसम हिलशी चार वर्षांचा १४ कोटींचा वाढीव करार झाला. चाहते चक्रावले, कारण हा गडी काही मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू नव्हता. खरी गंमत अशी, की ती चारही वर्षं आपोआप रद्द होणारी होती. बोनस पसरायला वहीत जास्त रकाने हवे होते, म्हणून ती जोडली. हिलची त्या वर्षाची खरी कमाई १.२१६ कोटी. संघाची मात्र कॅपमध्ये पाऊण कोटीहून जास्त जागा मोकळी झाली. अशा नावापुरत्या वर्षांना ‘व्हॉइड इयर्स’ म्हणतात आणि आता त्यांचा सर्रास वापर होतो.

खेळणार तिकडे, पगार इकडून

डेन्व्हर ब्रॉन्कोजनी २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला काढलं आणि ८.५ कोटींचा डेड मनी अंगावर घेतला. तोवर एवढा बोजा एका खेळाडूपायी कुणीच उचलला नव्हता. विल्सन पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेला. त्यांनी त्याला दिले अनुभवी खेळाडूचे किमान वेतन, म्हणजे १२.१ लाख. त्याच्या हमीच्या पगारातले बाकीचे सुमारे ३.७८ कोटी भरले डेन्व्हरनं. पुढे त्याच हंगामात पिट्सबर्गचा संघ डेन्व्हरमध्ये येऊन सामना जिंकून गेला. विल्सन त्या दिवशी जखमी होता, म्हणून ब्रॉन्कोजची तेवढीच अब्रू वाचली.

सगळ्यात शेवटी, सगळ्यात स्वस्त

ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत शेवटी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूला ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात आणि त्याचा गमतीनं सत्कारही करतात. त्याला मिळणाऱ्या ट्रॉफीवरचा पुतळा चेंडू हातातून निसटलेल्या खेळाडूचा! २०२२ मध्ये २६२व्या क्रमांकावर हा मान ब्रॉक पर्डीला मिळाला. २०२३ मध्ये ८ लाख ७० हजारांच्या मूळ पगारावर त्यानं सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेलं. इतर संघ क्वार्टरबॅकवर कोट्यवधी ओतत असताना फोर्टीनाइनर्सना तोच पैसा बाकीच्या ताऱ्यांवर खर्च करता आला. तीन हंगाम होईपर्यंत नवख्याचा करार वाढवता येत नाही, त्यामुळे पर्डीला थांबावंच लागलं. २०२५ मध्ये मात्र भरपाई झाली: पाच वर्षं, २६.५ कोटी.

एका वर्षाच्या उशिराची किंमत

२०१० च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड. करार ७.८ कोटींचा, त्यातले ५ कोटी हमीचे, तेही एनएफएलचा एकही सामना न खेळता. २०११ चा पहिला क्रमांक कॅम न्यूटन. करार २.२ कोटींचा. मधल्या काळात नवख्यांच्या पगाराची ठरीव श्रेणी आली होती.

नसलेला नियम मोडल्याची शिक्षा

२०१० च्या हंगामात कॅपच नव्हती. डॅलस आणि वॉशिंग्टन या संघांनी संधी साधून बड्या करारांचा बोजा त्याच वर्षात उरकला. २०१२ मध्ये लीगनं बडगा उगारला. स्पर्धेचा समतोल बिघडवल्याचा ठपका ठेवून डॅलसची १ कोटीची आणि वॉशिंग्टनची ३.६ कोटींची कॅप-जागा कापली. नियम मोडला नव्हता, तरी दंड झालाच.

काटा खाली, कमाई वर

चेंडू घेऊन धावणाऱ्या, म्हणजे ‘रनिंग बॅक’ एडी लेसीची अडचण म्हणजे त्याचं वजन. २०१७ मध्ये सिअॅटल सीहॉक्सनी करारात चक्क वजनकाटाच घातला. दर तपासणीत ठरलेल्या वजनाच्या आत राहिलास तर ५५ हजार डॉलर, अशा सात तपासण्या. मे महिन्यातली पहिली मर्यादा होती २५५ पौंड, म्हणजे साधारण ११६ किलो. लेसी भरला २५३. दोन पौंडांनी पैसे वसूल!

गृहपाठ सक्तीचा

२०२२ मध्ये अॅरिझोना कार्डिनल्सनी कायलर मरेशी २३.०५ कोटींचा करार केला. त्यात एक कलम सापडलं: सामन्याच्या आठवड्यात चार तास स्वतःहून अभ्यास करायचा आणि त्या वेळात टीव्ही किंवा व्हिडिओ गेम चालू असेल, तर तो अभ्यास धरला जाणार नाही. शाळकरी पोराला शोभणारी ही अट बाहेर फुटली, जिकडेतिकडे हसं झालं आणि काही दिवसांतच कलम गायब झालं.

दलाली वाचवणारा, वसुली सोडणारे

एजंटला कराराच्या जास्तीत जास्त तीन टक्के घेता येतात. बाल्टिमोरच्या लमार जॅक्सननं एजंटच ठेवला नाही. २०२३ मध्ये स्वतः वाटाघाटी करून २६ कोटी पदरात पाडले. तीन टक्क्यांच्या हिशेबानं ७८ लाख डॉलर वाचले.

इंडियानापोलिस कोल्ट्सचा अँड्र्यू लक दुखापतींना कंटाळून २०१९ मध्ये २९व्या वर्षीच निवृत्त झाला. संघाला त्याच्याकडून सुमारे २.४८ कोटी परत मागता आले असते. त्यांनी मागितले नाहीत. हिशेबाला पक्क्या असलेल्या या धंद्यात असा मोठेपणा विरळाच.

यार्डाला सव्वातीन लाख

५ जानेवारी २०२५. टँपा बे बकनीअर्सनी सेंट्सवर विजय जवळजवळ पक्का केलेला. अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू घेऊन गुडघा टेकतो आणि घड्याळ संपू देतो. पण पास झेलणाऱ्या माइक इव्हान्सला हंगामात झेलांच्या १,००० यार्डांसाठी पाच यार्ड कमी पडत होते आणि त्यावर ३० लाखांचा बोनस लागलेला. बेकर मेफील्डनं गुडघा न टेकता त्याच्याकडे पास टाकला. नऊ यार्ड! सलग अकराव्या हंगामात हजार यार्ड झाले, जेरी राइसच्या विक्रमाशी बरोबरी झाली आणि सगळा संघ इव्हान्सला मिठ्या मारायला धावला. हिशेब केला तर त्या एका पासाचा भाव यार्डाला सव्वातीन लाख डॉलरच्या वर गेला. आणि हा पैसा कुठल्याही वर्षाच्या रकान्यात ढकललेला नव्हता, घाम गाळून मिळवलेला होता.