अक्षराआधी कान

हातात पाटी येण्याच्या कितीतरी आधी मूल वाचनाच्या वाटेला लागलेले असते. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६६ च्या प्रबंधात शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांच्या वाचनाचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्यातून पुढे ‘उदयोन्मुख साक्षरता’, म्हणजे रीतसर शिकवणीपूर्वीच उमलू लागणारी लेखन-वाचनाची जाण, ही कल्पना रुजली.

मराठी घरात या जाणिवेचे सर्वांत कसदार साधन म्हणजे शब्दांच्या भेंड्या. ‘कपाट’ हा शब्द बोलताना ‘क-पाट्’ असा दोनच ठोक्यांत उच्चारला जातो, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बहुधा गळतो. लिहिताना मात्र अक्षरे तीन होतात, आणि भेंडी ‘ट’वर आली की कानाआड झालेले ते तिसरे अक्षर मुलाला सुटे करून हाती घ्यावेच लागते. त्याने ‘टोपी’ म्हटले आणि मोठ्या भावंडाने ‘टो नाही, ट हवा’ अशी हरकत घेतली, तर तो वाद मिटवण्याची घाई करू नये. व्यंजन वेगळे आणि त्याला लागलेला स्वर वेगळा, हा भेद, ज्याला अभ्यासक ध्वनिजाणिवेचा, म्हणजे शब्दातले ध्वनी सुटे ओळखण्याच्या क्षमतेचा, भाग मानतात, तिथे फुकटात शिकला जातो.

डोळ्यांची गोष्ट निराळी आहे. ‘किसणी’तली पहिली वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, त्यामुळे रवा, पोहे, डाळ अशी नावे डकवलेले डबे आधी ओळखीचे झालेले बरे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यातही शिक्षणाची साधने भोवतालच्या वस्तूंतूनच घडवली होती. मटार सोलणे आणि रांगोळीचे ठिपके काढणे यांनी लिहिण्यासाठी बोटेही तयार होतात.

वाण्याच्या यादीखाली मूल स्वतःच्या रेघोट्या ओढते, तेव्हा त्या खोडून तेथे ‘ग’ गिरवायला लावण्याची सवय मात्र सोडायला हवी. ‘काय लिहिलंस?’ एवढे विचारले, तर ते डावीकडून उजवीकडे बोट सरकवत ‘साखर’ असे वाचून दाखवते.