अठरा-शेहेचाळीसच्या गोणीतला सेनेगल
उसाचे खत, तांदळाची कणी आणि वारी यांच्या धाग्यांनी बारामती-इंदापूरशी जोडलेल्या एका दूरच्या देशाची ओळख

बारामती : ज्येष्ठ संपत आला, की बारामती व इंदापूर तालुक्यांत दोन गोष्टींची लगबग एकाच वेळी सुरू होते. एक, संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या स्वागताची. आणि दुसरी, आडसाली उसाच्या लागणीची. पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरकडे सरकते, तेव्हा वाटेवरच्या कृषी सेवा केंद्रांपुढे खताच्या गोण्यांची चौकशी चाललेली असते. त्यातही पहिली विचारणा होते ती 'अठरा-शेहेचाळीस'ची, म्हणजेच डीएपीची. गोणीवर कंपनीचे नाव, वजन, किंमत हे सारे असते. आतला स्फुरद कोणत्या देशातून आला, हे मात्र तिच्यावर लिहिलेले नसते. हा स्फुरद ज्या मोजक्या देशांतून भारतात येतो, त्यात आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरील सेनेगल हा एक देश आहे.

मराठी वाचकाला आफ्रिका परिचित आहे ती पूर्व किनाऱ्याची. जंजिऱ्याचे सिद्दी, निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर ही सारी पूर्वेकडून, हबसाणातून आलेली माणसे. सेनेगल त्याच्या नेमक्या उलट बाजूला आहे. त्याची राजधानी डकार ज्या भूशिरावर वसली आहे, ते आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेकडचे टोक. त्यापुढे थेट अमेरिकेपर्यंत अटलांटिक महासागर. देशाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशांच्या आसपास. लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ८० लाख. भारतीय वेळेपेक्षा तेथील घड्याळ साडेपाच तास मागे असते.

खताचा प्रवास

डीएपीमध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असतो. नत्र अमोनियातून मिळतो. स्फुरदासाठी फॉस्फोरिक ॲसिड लागते. ते तयार करण्यासाठी फॉस्फेटचा दगड दळून त्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करावी लागते. भारतात हा दगड राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोट्रा येथे मिळतो. परंतु देशाची भूक त्याने भागत नाही. त्यामुळे मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल यांसारख्या देशांवर विसंबावे लागते. काही ठिकाणांहून दगड येतो, काही ठिकाणांहून तयार ॲसिड, तर काही ठिकाणांहून तयार डीएपीच.

सेनेगलमधून येते ते प्रामुख्याने ॲसिड. डकारच्या ईशान्येस ताईबा येथे फॉस्फेटच्या उघड्या खाणी आहेत व जवळच दारू खुदोस येथे ॲसिडचा कारखाना आहे. (हे 'दारू' म्हणजे अरबी 'दार', घर, त्याचा बाटलीशी संबंध नाही.) हा उद्योग चालविणाऱ्या 'आँद्युस्त्री शिमिक द्यु सेनेगल' या कंपनीत भारताच्या इफ्को या सहकारी संस्थेची जुनी भागीदारी होती. कंपनी आर्थिक संकटात सापडली, तेव्हा २००८ मध्ये इफ्कोच्या पुढाकाराने तिची फेरउभारणी झाली. पुढे २०१४ मध्ये इंडोरामा समूहाने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला. सोसायटीच्या गोदामात इफ्कोची गोणी उतरवून घेणाऱ्या येथील सभासदाला आपल्या सहकाराचे नाव इतक्या दूरवर गेले होते, याची कल्पना क्वचितच असते.

या दूरच्या व्यवहाराची झळ मात्र येथे जाणवते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात फॉस्फोरिक ॲसिड व अमोनिया महागले आणि डीएपीच्या ५० किलोच्या गोणीची मूळ किंमत २,४०० रुपयांवर गेली. केंद्राने त्या वेळी गोणीमागील अनुदान ५०० रुपयांवरून १,२०० रुपये केले, म्हणून शेतकऱ्याला ती १,२०० रुपयांत मिळाली. २०२२ पासून हा दर १,३५० रुपये झाला. अनुदानाने किंमत रोखता येते, टंचाई रोखता येतेच असे नाही. ऐन लागणीच्या तोंडावर डीएपी न मिळाल्याने १०:२६:२६ किंवा १२:३२:१६ वर भागविण्याची वेळ आलेले शेतकरी नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात गावोगाव भेटतील.

ऊस तिथेही, पण सभासद नाही

सेनेगलच्या उत्तर सीमेवर सेनेगल नदीकाठी रिशार-तोल नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रिशार नावाच्या फ्रेंच उद्यानतज्ज्ञाने तेथे प्रयोगाची बाग लावली; 'तोल' म्हणजे तेथील वोलोफ भाषेत शेत. आज त्या परिसरात हजारो हेक्टर ऊस उभा आहे आणि देशाची साखर पिकविणारा कारखानाही तेथेच आहे.

भवानीनगर, माळेगाव किंवा बिजवडीच्या वाचकाला या कारखान्यातील फरक चटकन जाणवेल. तेथे ऊस शेतकऱ्याचा नाही, कंपनीचा. १९७० च्या दशकारंभी उभी राहिलेली ही खासगी कंपनी स्वतःच ऊस लावते, तोडते आणि गाळते. भागधारक सभासद नाही, वार्षिक सभेतील गोंधळ नाही, पहिल्या उचलीसाठी आंदोलन नाही आणि संचालक मंडळाची निवडणूकही नाही. गावकऱ्यांच्या वाट्याला येते ती नोकरी. सहकारी कारखानदारीवर येथे जी टीका होते ती बरीचशी रास्तच आहे. परंतु भांडायला स्वतःचा कारखाना असणे म्हणजे काय, ते रिशार-तोलकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते.

पाण्याची गोष्टही ओळखीची वाटावी अशीच. समुद्राचे खारे पाणी नदीत शिरू नये म्हणून १९८६ मध्ये सेनेगल नदीच्या मुखाजवळ दियामा येथे बंधारा झाला. वरच्या अंगाला मालीत मानांताली धरण १९८८ मध्ये पूर्ण झाले. बारमाही गोडे पाणी मिळाले, भात आणि ऊस वाढला. त्याबरोबर पाणगवत माजले आणि गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया हा रोग रिशार-तोल परिसरात मोठ्या प्रमाणावर फैलावला. उजनीच्या फुगवट्याने इंदापूरला काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब भिगवण-पळसदेवची मंडळी आजही मांडत असतात. भिगवणला रोहित पक्षी पाहायला गर्दी होते, तशी नदीच्या त्रिभुज प्रदेशातील जूज अभयारण्यात रोहित व पाणकोळ्यांसाठी होते. युनेस्कोने १९८१ मध्ये जूजला जागतिक वारसा यादीत घेतले.

आपली कणी, त्यांचे पक्वान्न

खत येते, त्याच्या बदल्यात जाते काय? प्रामुख्याने तांदूळ, आणि तोही तुकडा. आपल्याकडे कणी म्हणजे गरिबाघरची पेज किंवा कोंबड्यांचे खाद्य. सेनेगलमध्ये ती मुद्दाम मागितली जाते. फ्रेंच राजवटीत इंडोचायनातून स्वस्त तुकडा तांदूळ आणून येथे विकला गेला, आणि दोन-तीन पिढ्यांत तीच चव अंगवळणी पडली. मासे, टोमॅटो व भाज्यांच्या रश्शात शिजविलेला 'चेबू जेन' हा भात सेनेगलचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त वारशात नोंद केली. एका मोठ्या परातीभोवती सारे घर बसते आणि प्रत्येक जण आपल्या पुढ्यातला घास घेतो.

भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची निर्यात थांबविली, तेव्हा या परातीवरच घाला आला. पुढच्या वर्षी सेनेगल सरकारच्या विनंतीवरून विशेष बाब म्हणून काही निर्यातीस मुभा देण्यात आली. बंदी पूर्णपणे उठली ती मार्च २०२५ मध्ये. दिल्लीतील एका अधिसूचनेने डकारची चूल अडते आणि डकारजवळच्या खाणीवर इंदापूरचा बेसल डोस अवलंबून राहतो, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

व्यापाराचा हा धागा नवा नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पाँडिचेरीत विणलेले निळीचे कापड फ्रेंच व्यापारी सेनेगल नदीकाठी नेत आणि त्या बदल्यात बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक घेत. आजच्या डकारमध्ये शहर वाहतुकीच्या मिनीबसला लोक सरळ 'टाटा' म्हणतात. हिंदी चित्रपटांची गाणी तर शब्दार्थ न कळताही तिथे दोन पिढ्यांना पाठ आहेत.

तूबाची वारी

फ्रेंच ही सेनेगलची शासकीय भाषा असली, तरी बाजारात, घरात, बसमध्ये ऐकू येते ती वोलोफ. सुमारे ९५ टक्के लोक मुस्लिम आहेत. राज्यघटना मात्र धर्मनिरपेक्ष. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर या देशाने पहिला अध्यक्ष निवडला तो लिओपोल्ड सेदार सेंघोर हा कॅथलिक कवी. वीस वर्षे सत्तेत राहून १९८० च्या अखेरीस ते स्वतःहून पायउतार झाले. भारताने त्यांना १९८२ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला. बकरी ईदचे मटण ख्रिस्ती शेजाऱ्याकडे आणि ईस्टरच्या सुमारास 'न्गालाख' नावाची गोड लापशी मुस्लिम शेजाऱ्याकडे, ही देवाणघेवाण तिथे सर्रास चालते.

तेथील इस्लाम सूफी पंथांचा आहे. त्यांतील मुरीद पंथाचे संस्थापक शेख अमादू बांबा (१८५३-१९२७) यांना फ्रेंचांनी १८९५ मध्ये गॅबनला हद्दपार केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी सफर महिन्याच्या अठराव्या तिथीला देशभरातून लाखो लोक तूबा शहरी जमतात. या यात्रेला 'मगाल' म्हणतात. बहुतेक जण वाहनांनी येतात, पायी नव्हे. पण पुढचे चित्र सणसर किंवा काटेवाडीच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. अनोळखी यात्रेकरूला घरात उतरवून घेणे, जेवू घालणे आणि त्यातच आपले पुण्य मानणे, हे तूबाच्या घराघरांत चालते. बांबांचे अनुयायी त्यांची अरबी पद्ये सामुदायिकरीत्या गातात. त्यांचाच एक 'बाय फाल' नावाचा उपपंथ ठिगळांचे कपडे घालतो आणि श्रमालाच उपासना मानतो. यात्रेकरूंना पाणी देणे, मोठमोठ्या पातेल्यांत स्वयंपाक करणे ही कामे त्यांची.

एक फरक लक्षात घेण्याजोगा. आपल्या पंचांगात अधिक मास असल्याने आषाढी पावसाळ्याच्या तोंडाशीच राहते. हिजरी वर्षात तशी सोय नाही. त्यामुळे मगाल दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ मध्ये ती २३ ऑगस्टला होती, २०२५ मध्ये १३ ऑगस्टला. भुईमुगाच्या शेतात कोळपणी ऐन भरात असताना ती आली, की कामाचा खोळंबा होतो.

बांबांना मुळात दीक्षा मिळाली ती कादिरी परंपरेत. हे नाव इंदापूरला अगदीच परके नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी इंदापुरात आहे. त्यांनी श्रीगोंद्याच्या ज्या शेख महंमदांना गुरुस्थानी मानल्याचे सांगितले जाते, ते मराठीत रचना करणारे संतकवी याच कादिरी परंपरेतले.

सेनेगलची आजची चिंता मात्र तरुणांची आहे. किनाऱ्यावरची मासळी घटली, तसे मच्छीमारांच्या लाकडी होड्यांतून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. २००६ मध्ये त्याची मोठी लाट आली आणि २०२० नंतर पुन्हा. शेकडो किलोमीटरच्या या प्रवासात किती होड्या बुडाल्या, याची नेमकी मोजदाद कोणाकडेच नाही. मार्च २०२४ च्या निवडणुकीत बासिरू दियोमाय फाय वयाच्या ४४ व्या वर्षी अध्यक्ष झाले, ते प्रामुख्याने याच तरुणांच्या असंतोषावर स्वार होऊन. त्याच वर्षी जूनमध्ये सांगोमार येथील समुद्रातून खनिज तेल निघू लागले; पाठोपाठ मॉरितानियाच्या सीमेवरील सागरी क्षेत्रातून नैसर्गिक वायूही मिळू लागला. नव्या सरकारने खाणी, तेल व मासेमारीचे जुने करार तपासायला घेतले आहेत. त्या तपासणीकडे खत कंपन्यांचेही लक्ष आहे.